कंपनीने दिली तशी गाडी

माझ्या नवऱ्याच्या गाडीचं मागचं सीट, स्टिअरिंग आणि सायलेन्सर मी त्याला न विचारता लोकांना वाटून टाकले होते. याला चोरी म्हणता येणार नाही, पण घटस्फोटाच्या अर्जात एक परिच्छेद सहज भरला असता. (हे तो वाचेल अशी भीती नाही. तो फक्त गाड्यांचे व्हिडिओ बघतो.)

आमचं घर जव्हारला. घराला लागूनच निलेशचं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान, आणि मी तिथून जवळच्या आरोग्य केंद्रात सिस्टर. लग्नानंतर दोन वर्षांनी निलेशने एक जुनी, पांढरी, छोटी गाडी घेतली. महिनाभर ती कंपनीने दिली तशी राहिली. मग त्याचे हात शिवशिवायला लागले. आधी सायलेन्सर गेला आणि त्या जागी जाड लोखंडी नळकांडं आलं. त्याचा आवाज असा, की गाडी सुरू केली की आमच्या मांडणीवरची भांडी आपापली जागा बदलायची. मग मागचं सीट निघालं आणि तिथे लाल मखमल लावलेला स्पीकरचा भलामोठा खोका बसला. चार माणसांची गाडी दोन माणसांची झाली. शेवटी स्टिअरिंग जाऊन ताटलीएवढं लाल स्टिअरिंग आलं.

"एवढंसं का?" मी विचारलं.

"स्पोर्टी आहे," तो म्हणाला.

काढलेल्या वस्तू त्याने पोत्यांत बांधून माळ्यावर टाकल्या आणि विसरला. मी विसरले नाही, कारण माळा साफ करणं माझ्याकडे होतं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत ती पोती माझ्या डोक्यावर पडता पडता राहिली. निलेश तेव्हा आठवडाभर नाशिकला होता. मी तीन दिवसांत तिन्ही वस्तू मार्गी लावल्या. मला वाटलं, भंगारात घालण्यापेक्षा कोणाच्या उपयोगी पडतील. रिकाम्या पोत्यांत सासूबाईंच्या जुन्या गोधड्या कोंबल्या, तोंडं शिवली आणि पुन्हा माळ्यावर टाकली. खालून बघणाऱ्याला पोती जशीच्या तशी दिसत होती.

मग यंदा मला जर्मनीच्या एका रुग्णालयात नोकरी लागली. दीड वर्ष मी त्या भाषेशी झगडत होते. पत्र आलं त्या दिवशी सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, आणि निलेश मला म्हणाला, "तू हो म्हण. मीही येतो. दुकानाचं मी बघतो, गाडीही विकतो." एवढं बोलून तो बाहेर गेला आणि तासभर गाडी पुसत बसला. गाडी स्वच्छच होती. खिडकीतून त्याच्याकडे बघताना मला पहिल्यांदा माळ्याची आठवण झाली.

गाडी घ्यायला तयार झाले ते आमच्याच आळीतले निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांना बायकोला तपासणीसाठी दर महिन्याला नाशिकला न्यायचं होतं. त्यांनी चष्मा पुढे ओढून गाडीला दोन फेऱ्या मारल्या.

"निलेश, गाडी चांगली राखली आहेस," ते म्हणाले. "पण माझ्या मंडळींना या खोक्यावर बसवून नाशिकला नेऊ का? मला कंपनीने दिली तशी गाडी हवी. कागदावर आहे तशी."

"देतो की गुरुजी. सगळं ओरिजिनल माळ्यावर बांधून ठेवलंय. एक वस्तू इकडची तिकडे झालेली नाही."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. माझ्या हातातल्या कपबशा वाजायला लागल्या. निलेशने त्याकडे कौतुकाने बघितलं. त्याला वाटलं, गाडी जाणार म्हणून मलाही गलबलून आलंय.

ठरलं असं, की गुरुजी शनिवारी गाडी न्यायला येतील. निलेश मंगळवारी व्हिसाच्या कागदांसाठी मुंबईला जाईल, गुरुवारी परत येईल आणि शुक्रवारी माळ्यावरून पोती काढून बसेल. आमचं विमान पुढच्या आठवड्यात. म्हणजे माझ्या हातात मंगळवार, बुधवार आणि गुरुवारची दुपार होती.

त्याला खरं सांगून टाकावं असं तुम्ही म्हणाल. मीही ते म्हणाले, आरशासमोर, चार वेळा. पण जो माणूस माझ्या नोकरीसाठी दुकान आणि गाडी दोन्ही सोडून परक्या देशात येतोय, त्याला "तुझी गाडी मी आधीच अर्धी वाटली होती" हे कोणत्या तोंडाने सांगणार?

मी मोखाड्याच्या शंकर मेस्त्रींना गुपचूप फोन केला. त्यांचं तिथे गॅरेज आहे. "या गाडीचे जुने भाग कुठे मिळतील का?"

"नाशिकच्या भंगारात शोधायला लागतील. दहाबारा दिवस धरून चाला."

म्हणजे दिलेल्या वस्तूच परत मागायच्या. मंगळवारी सकाळी निलेश एसटीत बसला आणि मी गाडी बाहेर काढली. मोहीम गुप्त होती. वाहन असं होतं, की ते निघालं हे अर्ध्या जव्हारला कळलं.

पहिलं साखरशेत. सायलेन्सर मी तिथल्या महादूदादांना दिला होता. त्यांच्या सुनेचं बाळंतपण आमच्या केंद्रात झालं, तेव्हा त्यांनीच विचारलं होतं की शेतात वाजवायला काही लोखंडी आहे का. मी पोचले तर भात पिवळं पडायला लागलं होतं, बांधापलीकडे नाचणीची कणसं वाकली होती, आणि मध्ये आंब्याच्या फांदीला माझा सायलेन्सर दोरीने टांगलेला. शेजारी एक दांडकं.

महादूदादांनी मला ओळखलं. गाडीचा आवाज ऐकून ते आधीच बांधावर येऊन उभे होते.

"बघ बाय, तू दिलेली नळी. दोन वरसां हिनंच माझं भात राखलं. एक टोला दिला की डुकरां खालच्या ओहळापल्याड."

त्यांनी मला दाखवायला एक टोला दिला. मला तो सायलेन्सरला नाही, माझ्या बरगडीत बसल्यासारखा वाटला. एका बाजूने तो पुरता चेपला होता.

"दादा, मला ती परत हवी होती," मी म्हणाले आणि सगळी हकीकत सांगितली.

दादांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग भाताकडे बघितलं. "पंधरा दिवसात भात कापायला येल. तवर नाय देता येत, बाय. तुझा नवरा रागावला तर दोन दिवस जेवणार नाय. डुकरां आली तर माझी पोरां वरीसभर जेवणार नाय."

मी परत गाडीकडे वळले.

"नायतर असं कर," ते पुढे म्हणाले. "ही तुझी गाडीच ठेव इथं. तू येत होतीस तवा पलीकडच्या शेतातली डुकरां पण पळाली."

ते विनोद करत नव्हते. त्यांनी गाडीसाठी बांधाजवळची जागासुद्धा दाखवली.

तिथून मी मोखाड्याच्या अलीकडच्या एका पाड्यावर गेले. स्टिअरिंग तिथल्या अंगणवाडीत दिलं होतं. अंगणवाडीच्या सुशीलाताई माझ्या ओळखीच्या. मी दारात पाय ठेवला आणि आतली वीस पोरं एका क्षणात कपाटामागे, फळ्यामागे, एकमेकांमागे गेली. मी पाड्यावर येते ती लस टोचायला, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"सुई नाय ना?" फळ्यामागून एका मुलीने विचारलं.

"सुई नाही," मी म्हणाले. "मी स्टिअरिंग बघायला आले."

हे मी बोलायला नको होतं. समोर चटया एकामागे एक अंथरलेल्या होत्या आणि सगळ्यांत पुढे, एका पाटावर खिळ्यांनी ठोकलेलं आमचं स्टिअरिंग. सुशीलाताई अभिमानाने म्हणाल्या, "आमची एसटी आहे ही, सिस्टर. ही आल्यापासून एक मूल घरी थांबत नाही. सकाळी ड्रायव्हर व्हायचं म्हणून अंघोळ करून येतात."

मला बसमध्ये बसवण्यात आलं. फळ्यामागची ती मुलगी आज ड्रायव्हर होती. मोखाडा, खोडाळा, मग कोणीतरी ओरडलं म्हणून थेट मुंबई, आणि परत. वळणावर सगळ्यांनी डावीकडे झुकायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे दोघं माझ्या मांडीत पडली. मी मुंबईला उतरून सुशीलाताईंना बाजूला घेतलं आणि खरं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"सिस्टर, सुई देणारी बाई आली आणि बस घेऊन गेली, असं झालं तर पुढच्या लसीकरणाला एक पोर सापडेल का?"

माझं स्वतःचं शासकीय काम मीच बुडवणार होते. मी परत गाडीत बसले. इतक्यात निलेशचा फोन.

"तू मोखाड्याकडे काय करतेस?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तिघांनी. तिघांनी आवाज ऐकला. मला वाटलं गाडी कोणी पळवली."

"मी..." माझ्या डोक्यात त्या वेळी फक्त पुढचा थांबा होता, "खोडाळ्याला चाललेय. आत्यांचा निरोप घ्यायला."

निलेशचा आवाज एकदम मऊ झाला. "माझ्या लक्षातच आलं नव्हतं गं. तू आठवणीने माझ्या आत्याला भेटायला चाललीस. एकटी."

त्याऐवजी त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. खोडाळ्यापर्यंतच्या सगळ्या वळणांवर मी मोठ्याने जर्मन क्रियापदं म्हणत गेले. घाबरले की मला ती येतात. परीक्षेत नाही आली.

निलेशच्या आत्या खोडाळ्यात बाजाराच्या मागच्या बाजूला राहतात. गाडीचं मागचं सीट मी त्यांना दिलं होतं, आणि साधं दिलं नव्हतं, औषध म्हणून दिलं होतं. त्यांचे गुडघे सुजायचे. मीच त्यांना बजावलं होतं की खाली बसायचं नाही, पाय लोंबते ठेवायचे, पाठीला आधार हवा. सीट ओट्यावर विटांवर चढवून ठेवलं होतं. त्यावर तीन माणसांच्या जागेत आत्या धरून चार म्हाताऱ्या बसल्या होत्या आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करत होत्या.

माझं स्वागत जोरात झालं. आत्यांनी शेजारणीला सरकवून मला जागा करून दिली. "ही आमची सून. जर्मनीला चाललीय. हिनंच दिलंय हे आसन. सख्खा भाचा दोन वर्षांत फिरकला नाही, पण हिनं माझे गुडघे बघितले."

आता या वाक्यानंतर ते आसन परत मागायचं होतं.

मी मागितलं. रस्त्यावरून एक माणूस गेला, त्याला कोणी काही विचारलंसुद्धा नाही.

"दिलेलं परत नेतेस?" आत्या म्हणाल्या.

"आत्या, निलेशना माहीत नाही. त्यांना वाटतं ते माळ्यावर आहे."

"मग असू दे वाटत. तुम्ही विमानात बसा, मी यावर बसते."

"गुरुजींना सीटशिवाय गाडी कशी देणार?"

"त्या खोक्यावर बसव ना तुझ्या गुरुजींना," आत्यांनी गाडीकडे हात केला. "चांगला चौरस आहे. उंच आहे. मखमल लावलीय."

आत्या रागाने बोलल्या होत्या, पण मी वळून बघितलं. खोका खरोखर चौरस होता. गाडीच्या रुंदीचा होता, म्हणजे चार म्हाताऱ्या मावत होत्या. उंची खुर्चीएवढी.

"आत्या," मी म्हणाले, "तुम्ही एकदा बसून बघता का?"

त्या उठल्या, मागचं दार उघडायला लावलं आणि कशाबशा आत जाऊन बसल्या. लाल मखमलीवरून हात फिरवला. पाय लोंबते राहिले. बाकीच्या तिघी वाकून बघत होत्या.

"गाणी लागतात का यातून?" त्यांनी बसल्या बसल्या विचारलं.

"लागतात."

"भजनं?"

"भजनंही लागतील, वायर जोडली की."

आत्यांनी ओट्यावरच्या सीटकडे बघितलं, मग मखमलीकडे. "उद्या आण," त्या म्हणाल्या. "पण आधी हा ठेवायचा, मग ते उचलायचं."

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्याला सीट हवं त्याला खोका चालतो, तर ज्यांना मोठं स्टिअरिंग आवडलं त्यांना छोटं लाल का चालू नये? आणि निलेशचं ते नळकांडं तर जुन्या सायलेन्सरच्या दुप्पट जाड होतं. मी मोखाड्याला थांबले आणि शंकर मेस्त्रींना सगळं सांगितलं. ते इतके हसले, की एका गाडीखाली झोपलेला त्यांचा माणूस बाहेर आला.

"वहिनी, निलेशला मी एक शब्द सांगणार नाही," ते डोळे पुसत म्हणाले. "पण उद्या मी सोबत येणार. हे मला बघायचंच आहे."

बुधवारी सकाळी पान्यांची पिशवी पायाशी घेऊन मेस्त्री शेजारी बसले. खोडाळ्यात खोका उतरवायला सहा माणसं लागली. आत्यांनी तो भिंतीला टेकवून घेतला, वर गोधडी टाकली, चौघी बसल्या आणि मग जुनं सीट उचलायची परवानगी मिळाली. ते गाडीत बसवताना कुरकुरत होतं. दोन वर्षं चार जणींचं वजन सोसल्याने मधोमध खळगा पडला होता. मेस्त्रींनी त्यावर हात दाबला. "गुरुजींच्या मंडळींना बसून बसून घडलेलं सीट मिळेल," ते म्हणाले.

अंगणवाडीत अर्धा तास लागला. मेस्त्रींनी लाल स्टिअरिंग काढलं आणि गाडी बिनस्टिअरिंगची उभी राहिली, तेव्हा पोरांना खात्री पटली की आज खरोखर काहीतरी घडतंय. ती सुई विसरून बाहेर आली. लाल स्टिअरिंग छोट्या हातांत बरोबर बसत होतं. कालची ड्रायव्हर ते छातीशी धरून मला म्हणाली, "तुमचं मोठं तुम्ही न्या. ते जुनं झालं." सुशीलाताईंनी हळूच माझा हात दाबला.

शेवटी साखरशेत. मेस्त्री गाडीखाली गेले तेव्हा महादूदादा बांधावर बसून एकेक नट निघताना मोजत होते. नळकांडं आंब्याला टांगलं गेलं. दादांनी दांडकं उचललं आणि एक टोला दिला. त्याचा नाद डोंगराला लागून परत आला. चार बगळे उडाले. लांब कुठेतरी एक कुत्रं भुंकायला लागलं आणि थांबेचना.

"ही नळी चांगली हाय," दादा म्हणाले. "ही आधीच का नाय दिलीस?"

तो चेपलेला सायलेन्सर खाली बसला आणि मेस्त्रींनी गाडी सुरू केली. मला वाटलं सुरूच झाली नाही. मी पुन्हा किल्ली फिरवायला सांगितली, तर ते म्हणाले, "चालू आहे वहिनी. गाडीचा खरा आवाज हाच."

मेस्त्रींना मोखाड्याला सोडून मी जव्हारला आले. आमच्या वळणावर गाडी आली की सासूबाई नेहमी चहाचं आधण ठेवायच्या. आवाज ओळखीचा, लेक दारात पोचेपर्यंत चहा तयार. त्या दिवशी मी दारात येऊन उभी राहिले तरी त्या अंगणात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. वर बघून दचकल्या.

"अगं, तू कशी आलीस?"

"गाडीनेच, आई."

त्यांनी गाडीकडे बघितलं, आत डोकावून सीटकडे बघितलं. मग दारातून आत माळ्याकडे. मग माझ्याकडे. आपल्या गोधड्या कुठे आहेत हे त्या बाईला दोन वर्षांपासून ठाऊक असणार, हे मला त्या क्षणी कळलं. त्या फक्त म्हणाल्या, "चहा टाकते," आणि आत गेल्या.

आणि त्यांच्या मागून निलेश बाहेर आला. कागद एका दिवसात झाले म्हणून तो बुधवारीच परतला होता.

मी पाठ केलेलं सगळं विसरले. तो पायऱ्या उतरला. गाडीभोवती हळूहळू फिरला. मोठ्या स्टिअरिंगला हात लावला. मागचं दार उघडून सीट बघितलं. वाकून सायलेन्सर बघितला.

"हा चेपला कसा?"

"माळ्यावरून काढताना पडला," मी म्हणाले. पहिलं खोटं अडखळत आलं, दुसरं मात्र पटकन सुचलं. "शंकर मेस्त्रींकडून बसवून घेतलं सगळं. काढलेलं सामान त्यांच्याच गॅरेजला ठेवलंय. म्हटलं, तुम्हाला शुक्रवारी स्वतःच्या हाताने उघडायला लागू नये."

निलेश गाडीच्या टपावर हात ठेवून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

"मला झालं नसतं गं," तो म्हणाला. "मी तीन दिवस तोच विचार करत होतो. पाना हातात घेऊन मी तिचं काहीच काढू शकलो नसतो. आणि तू... तुला हे कळलं कसं?"

त्या वेळी मी सगळं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण आतून सासूबाईंची हाक आली, "चहा निवतोय," आणि माझं तोंड पुन्हा मिटलं. पुढचे तीन दिवस निलेश येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्या समजूतदारपणाची गोष्ट सांगत होता. दर वेळी ती थोडी वाढत होती. शुक्रवारपर्यंत मी स्वतः गाडीखाली झोपून नट काढले होते.

शनिवारी गुरुजी आले. दोन फेऱ्या मारल्या, कागद आणि गाडी ताडून बघितली, बायकोला मागे बसवलं. त्या म्हणाल्या, "मऊ आहे हो." निलेशने किल्ली दिली, गाडी वळेपर्यंत बघत राहिला, आणि आवाज येत नसल्यामुळे ती गेली कधी हे आम्हाला कोणालाच कळलं नाही.

इथे सगळं सुरळीत संपायला हवं होतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. माझ्या आरोग्य केंद्रातल्या मैत्रिणी आल्या होत्या, डॉक्टरबाई आल्या होत्या. निलेशच्या फोनवर गुरुजींचा फोन आला. त्याचे हात बॅग बांधण्यात गुंतले होते म्हणून त्याने स्पीकर लावला.

"निलेश, गाडी उत्तम आहे," गुरुजी म्हणाले. "पण काल मंडळींना खाली काहीतरी टोचलं. मागच्या सीटच्या खाचेत हात घातला तर एक पत्र्याची डबी निघाली. मिश्री आहे. अर्धी संपलेली. कोणाची आहे?"

निलेशने कपाळाला आठ्या घातल्या. "आमच्या सीटमध्ये? गुरुजी, ते सीट माळ्यावर बांधून होतं. मागे कोणी बसलेलंच नाही."

मला ती डबी कोणाची हे कळायला दोन क्षणही लागले नाहीत. माझ्या सांगण्यावरून मिश्री सोडली म्हणून आत्यांनी घरात पेढे वाटले होते. आता दोनच रस्ते होते. एकतर सीट दोन वर्षं खोडाळ्यात होतं हे सांगायचं, म्हणजे माळा, सायलेन्सर, बस, डुकरं, सगळंच बाहेर आलं असतं, आणि आत्यांची लबाडीही. किंवा.

"माझी आहे," मी म्हणाले.

पाड्यापाड्यावर मिश्रीविरुद्ध भाषणं देणारी मी. काळ्या पडलेल्या हिरड्यांचे फोटो दाखवून बायकांना घाबरवणारी मी. डॉक्टरबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. माझी मैत्रीण नकळत माझ्या दातांकडे बघायला लागली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या लगबगीने आत गेल्या. त्या रडत नव्हत्या, हे एकट्या मला माहीत होतं.

"मी जपून ठेवतो हो," गुरुजी गंभीरपणे म्हणाले आणि फोन ठेवला.

आत्यांचा फोन संध्याकाळी आला. त्यांना फक्त डबी हवी होती.

आता आम्ही जर्मनीत आहोत. निलेशने त्या डबीबद्दल मला एका शब्दाने विचारलं नाही, इतका तो चांगला माणूस आहे. फक्त मी सकाळी दात घासायला जरा जास्त वेळ लावला, की बाथरूमच्या दारावर हळूच टकटक होते आणि बाहेरून अत्यंत प्रेमळ आवाज येतो, "एकदम सुटणार नाही गं. हळूहळू सोड. मी आहे ना."